पिवळा दिवा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
खानापूरच्या एक्स्चेंजमध्ये पिवळा दिवा पेटला
आणि सुगंधा बडिगेर, रुजू होऊन तेवीस दिवस झालेली,
उठून सरळ आपलंच कार्ड उपसायला गेली.

थांब की गं, म्हटलं.
दिवा आपला आहे, खरं कान आपला बिघडला न्हाई.
लाल पेटला असता तर आपण बहिरे.
पिवळा म्हणजे पलीकडचा बहिरा झालाय
आणि तसं तो आपल्याला सांगायलाय.

"बहिरा झालाय तर सांगतोय कसा?"

काचेचे दोन केस असतात, सुगंधा.
एकातून आपण जांबोटीशी बोलतो,
दुसऱ्यातून जांबोटी आपल्याशी.
आपला जाणारा तुटलाय. येणारा शाबूत.
त्या शाबूत केसावरून तिकडचं यंत्र
सेकंदाला आठ हजार वेळा एकच गाऱ्हाणं घालतंय:
तुझा उजेड पोचत नाही, तुझा उजेड पोचत नाही.
आपल्या लेसरला ह्यातलं काही ठाऊक नाही.
तो इमानाने फेकतोय उजेड,
मातीत.

मग भिंतीवरचा करडा फोन वाजला.
जांबोटीहून अडिवेप्पा.
एकोणीस वर्षं तो कन्नडात बोलतो, मी मराठीत,
आणि आजवर एकही जोड चुकलेला नाही.
भेटलो दोनदाच,
दोन्ही वेळा कुणाच्या तरी निरोपसमारंभात.

मी "बोल" म्हटलं. ते मातीत गेलं.
त्यालाही ते माहीत होतं. मोबाइलही मेलेला,
जांबोटीचा टॉवर ह्याच केसांवर जगतो.
तरी तो बोलत राहिला:
नी केळाकत्ती, नंग गोत्तैति.
तू ऐकायलास, मला ठाऊक आहे.

आणि उत्तर येणार नाही अशी खात्री असलेला माणूस
जसा बोलतो, तसा बोलला.
आधी आकडे. लाल कधी पेटला, किती मिनिटं झाली.
मग म्हणाला, महिनाअखेर मी रिटायर. सांगितलं न्हवतं तुला.
मग, शंकव्वा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार न्हाई,
म्हणते, दिसायचं ते दिसून झालं.
मग नुसता श्वास, मागे पंख्याची कुरकुर.
मग, तुझा आवाज न्हाई तर रात्र लई मोठी वाटायली.
ठेवला.

सुगंधाला सगळं कळलं होतं, कन्नड तिचं घरचं.
ती काही बोलली नाही. पॉवर मीटर पिशवीत टाकला.

यंत्राने अंतर दिलं: अकरा किलोमीटर दोनशे साठ मीटर.
उतरलो तिथे कुंभारांनी चिकणमाती काढलेली,
खड्ड्याच्या कडेला केबल उघडी, मुडपलेली,
फावड्याचा एक निसटता घाव.
बारा केसांपैकी एकच गेला होता,
नेमका आमचा बोलायचा.

बॅटरी सुगंधाने धरली. मी काच सोलली, पुसली,
टोकाला टोक लावलं. बारीक ठिणगी.
जोड डोळ्याला छान दिसत होता.
उजेड पोचला की नाही
हे मात्र पाठवणाऱ्याला कळत नसतं.

परत येईतो पाच वाजले. पिवळा विझलेला.
फोन लावला.
केळाकत्तैति, अडिवेप्पा म्हणाला. ऐकू यायलंय.

वाटेत बरंच काही ठरवलं होतं मी,
शंकव्वाच्या डोळ्यांचं, महिनाअखेरीचं.
म्हटलं: तिकडे लेव्हल किती?
म्हणाला: उणे एकोणीस.
म्हटलं: चांगली आहे.

सुगंधा रजिस्टर भरत होती.
बिघाड कुठे, ह्या रकान्यात तिने लिहिलं: जांबोटी.
लाल तिकडेच होता ना, म्हणाली.

खोड ते, म्हटलं.
खानापूर लिही.